कार्लिनव्हिलची कचेरी

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मॅकूपिन नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याच्या धर्तीचा मुलूख. कार्लिनव्हिल हे तिचे मुख्य ठाणे. वस्ती जेमतेम पाच-सहा हजारांची. पण तेथील न्यायकचेरीचा घुमट पाहिला तर नवख्या माणसाला ही राज्याची राजधानीच वाटावी.

1867 साली ही कचेरी बांधावयास घेतली, तेव्हा अंदाज होता 50,000 डॉलरांचा. आराखडा एलायजा मायर्सचा. पुढे मिशिगन, टेक्सास व कोलोरॅडो या राज्यांची विधानभवने त्यानेच आखली. चुनखडीचा दगड, उंच स्तंभ, आगीच्या भयाने बसविलेली लोखंडी दारे! 1870 मध्ये काम संपले तेव्हा खर्च 13 लाख डॉलरांवर गेला होता. लोकांनी सभा भरवून निषेध केला; पण तोवर दगड चढले होते. पैसा कर्जरोख्यांचा होता. ते फिटावयास 1910 साल उजाडले. अखेरचा रोखा गव्हर्नर डेनीन यांच्या हस्ते समारंभाने जाळण्यात आला. घुमट चढताना पाहणारा तरुण शेतकरी तोवर कर भरभरून म्हातारा झाला होता. मायर्सनेच आखलेला 1869 चा तुरुंगही गावात आहे. कैद्यांनी भिंत फोडू नये म्हणून तिच्या चिऱ्यांमध्ये तोफेचे गोळे बसविलेले आहेत.

याच गावात दुसऱ्या तऱ्हेची एक वास्तू आहे. वास्तू कसली, वसाहतच. 1918 साली स्टँडर्ड ऑइल कंपनीने आपल्या कोळसाखाणीतील लोकांसाठी सीअर्स-रोबक या दुकानाच्या मालसूचीतून घरे मागविली. कापलेली लाकडे आगगाडीने आली आणि गावात 156 घरे उभी राहिली. पुढे काही वर्षांतच खाण बंद पडली व घरे ओस पडली. मालकाचे काम थांबले की मालकाने दिलेल्या छपराचे काय होते, हे परळ-लालबागच्या माणसाला सांगावयास नको. नंतर ती स्वस्तात विकली गेली. आज त्यांतील बहुतेक घरे उभी आहेत व नांदती आहेत.

तिसरी जागा याच कौंटीतील माउंट ऑलिव्ह गावी आहे. 12 ऑक्टोबर 1898 रोजी जवळच्या व्हर्डन येथे संप मोडण्यासाठी आगगाडीने मजूर आणले गेले. गोळीबार झाला व 7 खाणकामगार ठार झाले. गाडीतील पुष्कळ काळ्या मजुरांना संप चालू असल्याचे सांगितलेलेही नव्हते. त्यांच्या या फसवणुकीचा विसर पडू देणे आम्हां संघटनावाल्यांना शोभणार नाही. मृतांपैकी काहींना गावच्या स्मशानभूमीत जागा नाकारली गेली, म्हणून युनियनने 1899 मध्ये स्वतःची भूमी घेतली. खाणकामगारांची 'मदर' जोन्स हिने तेथेच विसावा मागितला. 1930 साली तिला तेथे पुरले. 1936 मध्ये कामगारांच्या वर्गणीतून तिचे ग्रॅनाइटचे स्मारक उभे राहिले.

इमारतींचे इतिहास लिहिणारे बहुधा स्थापत्यकाराचे नाव देऊन थांबतात. माझे म्हणणे एवढेच की, पैसा कोणी दिला आणि देण्यापूर्वी त्याला कोणी विचारले होते काय, हेही नोंदवावे. कचेरीसाठी शेतकऱ्याला विचारले नाही; त्याने चाळीस वर्षे भरले. त्या ग्रॅनाइटसाठी मजुराने आपल्या हाताने खिशातून पैसे काढले. आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूसमोर उभे राहाल, तेव्हा हा प्रश्न अवश्य विचारा.