प्रात्यक्षिकाकडून संशोधनाकडे : प्रथम वर्षाच्या जीवशास्त्राचा प्रवास

उर्दूत 'तजर्बा' हा एकच शब्द अनुभव आणि प्रयोग या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. प्रयोगशाळेला म्हणूनच 'तजर्बागाह' म्हणतात. मराठीत मात्र महाविद्यालयीन वर्गासाठी 'प्रात्यक्षिक' हा शब्द रूढ झाला. पुस्तकात वाचलेले प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे, एवढाच त्याचा आशय. पाहण्यापासून शोधण्यापर्यंतचे अंतर कापायला जीवशास्त्राच्या अध्यापनाला शंभरहून अधिक वर्षे लागली. त्या प्रवासाचा थोडक्यात आढावा घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हक्सलेचा वारसा

आज आपण ज्याला जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणतो, त्याची घडी मुख्यतः थॉमस हेन्री हक्सले यांनी बसविली. १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे शाळाशिक्षकांसाठी वर्ग घेतले. आधी व्याख्यान व त्यानंतर त्याच सजीवाचे स्वहस्ते निरीक्षण किंवा विच्छेदन, असा क्रम होता. १८७५ मध्ये एच. एन. मार्टिन यांच्या सहकार्याने त्यांनी प्रात्यक्षिक जीवशास्त्राचे पुस्तक सिद्ध केले. यीस्ट, अमीबा, नेचे, शिंपला, बेडूक असे प्रातिनिधिक सजीव त्यात क्रमाने येतात. पुढच्याच वर्षी मार्टिन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ही पद्धती अमेरिकेत गेली.

घोकंपट्टीच्या त्या काळात हे मोठेच पाऊल होते. परंतु त्यात एक मर्यादाही होती. प्रत्येक प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असे. आकृती पुस्तकाशी जुळली की काम संपले. मागील वर्षीच्या जर्नलवरून यंदाचे जर्नल उतरविले जाते, याचे मूळ विद्यार्थ्यांच्या आळसात जितके आहे तितकेच या ठरलेल्या उत्तरातही आहे.

मातीतील विषाणू

ही चौकट मोडण्याचा एक ठळक प्रयत्न पिट्सबर्ग विद्यापीठात झाला. प्रा. ग्रॅहम हॅटफुल हे बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूंवर जगणारे विषाणू, यांचे अभ्यासक. हा विषय भारताला अपरिचित नाही. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू नष्ट होतात, असे निरीक्षण अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले होते. या विषाणूंना १९१७ मध्ये नाव देणारे फेलिक्स द'हेरेल यांनी १९२७ मध्ये भारतात येऊन पटकीवर त्यांचे प्रयोग केले.

शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घेऊन हॅटफुल यांनी सुरू केलेल्या कामाला २००८ मध्ये हॉवर्ड ह्यूजेस वैद्यकीय संस्थेच्या साहाय्याने बारा महाविद्यालयांत अभ्यासक्रमाचे रूप मिळाले. पुढे ही संख्या शंभराच्या वर गेली. प्रथम वर्षाचा विद्यार्थी आपल्या परिसरातील माती आणतो. क्षयजंतूचा निरुपद्रवी भाऊबंद असलेल्या जीवाणूच्या थरावर तिचा अर्क सोडतो. विषाणू असल्यास थरात स्वच्छ ठिपके उमटतात. तो विषाणू शुद्ध करून विद्यार्थी त्याला स्वतः नाव देतो. दुसऱ्या सत्रात वर्गातील निवडक विषाणूच्या जनुकांची मांडणी सर्वांनी मिळून अभ्यासायची असते. काय सापडेल हे शिक्षकालाही ठाऊक नसते.

अशा कामाचे मोल २०१९ मध्ये जगापुढे आले. लंडनमध्ये फुप्फुसांचे प्रत्यारोपण झालेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला प्रतिजैविकांना दाद न देणारा संसर्ग झाला होता. तिला दिलेल्या तीन फाजपैकी 'मडी' नावाचा फाज २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. संसर्ग समूळ गेला नाही, परंतु मुलीची प्रकृती स्पष्टपणे सुधारली. ते वांगे तपासताना असा उपयोग कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

आपल्यापुरता बोध

२०१२ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानेही पहिल्या दोन वर्षांतील ठरीव प्रात्यक्षिकांऐवजी शोधप्रधान अभ्यासक्रम आणण्याची शिफारस केली. जनुकक्रम वाचण्याची साधने आपल्या बहुतेक महाविद्यालयांजवळ नाहीत, हे खरे. पण या प्रयोगाचा गाभा यंत्रात नाही. प्रश्नाचे उत्तर अज्ञात असावे, पद्धत सर्वांना एकच असावी आणि यंदाची नोंद पुढील वर्षीच्या वर्गाला उपयोगी पडावी, या तीन अटी पुरेशा आहेत. गावच्या तलावातील सूक्ष्मजीव किंवा रस्त्याकडेच्या झाडांवरील दगडफूल यांची दरवर्षीची मोजणी त्यांत सहज बसते.

भाषेची सबबही टिकणारी नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून विज्ञान शिकविले गेले आणि तेथील दारुल तर्जुमाने त्यासाठी ग्रंथ सिद्ध केले. उर्दू वा मराठी माध्यमातून आलेली, घरातील पहिलीच पदवी घेणारी मुलगी इंग्रजी जर्नलपुढे गप्प बसते. तिने निरीक्षणाची पहिली नोंद आपल्या भाषेत केली, तर विज्ञानाचे काही बिघडत नाही. तिला मात्र, आपण पाहिलेले यापूर्वी कोणीही नोंदलेले नाही, हे प्रथमच उमगते.