कोंडाण्याचा यक्ष आणि राक्षसांची हाडे

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील दोन तालुके सह्याद्रीच्या कड्याला लागून आहेत, आणि कर्जतच्या पूर्वेला याच कड्याच्या माथ्यावर असलेल्या भीमाशंकराची कथा मुळात एका राक्षसाच्या अंताची कथा आहे. शिवपुराणातील कोटिरुद्रसंहितेनुसार कुंभकर्णाचा पुत्र भीम आपली आई कर्कटी हिच्यासह सह्य पर्वतावर राहत होता व अखेरीस शंकराच्या हुंकाराने तो आपल्या सैन्यासह जळून भस्म झाला. लोकपरंपरेत मात्र येथे त्रिपुरासुराचा वध झाल्याचे सांगतात आणि दमलेल्या शंकराच्या घामातून भीमा नदी उगम पावली असे मानतात. कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने चढणारे यात्रेकरू याच कथेच्या दिशेने चालत असतात. पुराणकाराने राक्षसाची राख केली, म्हणजे पुरावा मागे ठेवलाच नाही, आणि श्रोत्यांनीही तो कधी मागितला नाही. राक्षस होऊन गेले हे सिद्ध करण्यासाठी त्यांचे सांगाडे दाखवले पाहिजेत, ही अपेक्षा संग्रहालये आणि वर्तमानपत्रे यांच्या काळातली आहे.

असे सांगाडे या प्रदेशात सापडण्याची शक्यता किती, याचे उत्तर प्रथम जमिनीकडे मागावे लागते. येथील डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरून थिजलेल्या लाव्हाचे बनलेले आहेत, आणि तप्त लाव्हात प्राण्यांची हाडे टिकत नाहीत. हाडाचे जीवाश्म, म्हणजे खनिजांनी भरून दगड झालेले अवशेष, तयार होण्यासाठी गाळाखाली लवकर पुरले जाणे आवश्यक असते, तर कर्जत तालुक्यातच मोडणाऱ्या माथेरानच्या माथ्यावर जांभा आढळतो, जो मुसळधार पावसाने खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेल्यावर उरलेला लोहयुक्त दगड असून त्याची माती आम्ल असते व अशा मातीत हाडातील चुना विरघळून जातो. लाव्हाच्या दोन थरांमधील काळात जिथे तळी साचली तिथे काही जीवाश्म मिळाले आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मुंबईतील वरळीचे, ज्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये प्रसिद्ध केले. हे प्राणी म्हणजे चिमुकले बेडूक होते.

महाकाय हाडे महाराष्ट्रात मिळाली आहेत, पण घाटमाथ्याच्या पलीकडे, उदाहरणार्थ गोदावरीच्या गाळात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथील नामशेष हत्तीच्या अवशेषांची नोंद भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केली. हत्तीच्या कवटीत मधोमध सोंडेच्या मुळाशी मोठे छिद्र असते, त्यामुळे न जाणणाऱ्याला ती एकाच डोळ्याच्या राक्षसाची वाटू शकते. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत १८३० च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली यांनी जीवाश्मांचे प्रचंड भांडार उजेडात आणले, तेव्हा ही हाडे पुराणकाळी मारल्या गेलेल्या राक्षसांची आहेत ही समजूत त्या भागात आधीपासून रूढ होती. तिला निव्वळ भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण डोळ्यांसमोर खरोखर असलेल्या, माणसाच्या मांडीहून कितीतरी जाड हाडांचा अर्थ लावण्याचा तो प्रयत्न होता.

कर्जत-खालापूरच्या जमिनीने हाडे दिली नाहीत, दगड मात्र भरपूर दिला, आणि कल्पनेने त्यावरच काम केले. खालापुरातील इर्शाळगडाच्या सुळक्याला आरपार नेढे आहे, खोपोलीच्या वर नागफणीचा कडा फणा काढून उभा आहे, आणि इंग्रजांनीही त्याच कड्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक पाहिले, तेव्हा खडकात शरीराचे अवयव शोधण्याची खोड केवळ एतद्देशीय नव्हती एवढे निश्चित.

परंतु एका महाकाय पुरुषाचा खराखुरा, हात लावून पाहता येईल असा अवशेष कर्जत तालुक्यात आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंदिवडे गावाच्या पुढे रानात कोंडाणे येथे बौद्ध लेणी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास विष्णुशास्त्री नावाच्या पंडितांनी त्यांकडे लक्ष वेधले आणि त्यानंतर ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर लॉ यांनी ती पाहिली, असे फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात नमूद आहे. येथील चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनामंदिराच्या, दर्शनी भागाच्या डावीकडे कड्यातून कोरून काढलेल्या एका आकृतीचे मस्तक तेवढे उरले असून ते माणसाच्या मस्तकाच्या साधारण दुप्पट आहे. चेहरा पुरता झिजून गेला आहे, शिरोभूषणाची नक्षी मात्र इतक्या बारकाईने केलेली आहे की कारागिराच्या हाताविषयी शंका राहत नाही. ही आकृती यक्षाची मानली जाते. यक्ष म्हणजे धनाचे, झाडांचे आणि जागांचे रक्षण करणारे बलाढ्य देवतागण, ज्यांची पूजा बौद्ध धर्माच्या आधीपासून चालत होती आणि ज्यांना बौद्धांनी आपल्या लेण्यांच्या दाराशी राखणदार म्हणून उभे केले. मस्तकाशेजारी, डाव्या खांद्याच्या वर, ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे व तिचा आशय असा की हे काम कण्हाचा अंतेवासी, म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य, बालक याने केले. अक्षरांच्या वळणावरून हा लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातील ठरतो.

महाराष्ट्रातील लेण्यांतील बहुसंख्य लेख दात्यांचे आहेत. अमक्या गावच्या व्यापाऱ्याने खांब दिला, तमक्या भिक्षुणीने पाण्याची टाकी दिली, अशा स्वरूपाचे. घडवणाऱ्याचे नाव त्यांत क्वचित येते. पितळखोरे येथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराने ती केल्याचा लेख आहे. दोन्ही ठिकाणचा कण्ह एकच असावा असे वाटण्याचा मोह होतो, परंतु हे नाव त्या काळी इतके सामान्य होते की तेवढ्यावरून नाते जोडणे धाडसाचे ठरेल. कोंडाण्याच्या लेखाचे मोल वेगळे आहे. राक्षसी आकाराचे शरीर कोणी निर्माण केले या प्रश्नाचे उत्तर त्या शरीराच्या खांद्यावरच लिहिलेले होते, पण ब्राह्मी वाचता येणे बंद झाले आणि महाराष्ट्रभर लेण्यांना पांडवलेणी म्हणण्याची रीत पडली. दगड एका रात्रीत कोरायचा तर हात पांडवांतल्या भीमाचाच हवा, हा त्यामागचा तर्क होता.

महाकाय देहाची प्रतिमा मात्र त्या शिल्पकारांच्याही मनात होती. घाट चढून मावळात गेल्यावर भाजे येथील विहारात एक दृश्य कोरलेले आहे, ज्यात रथावर आरूढ झालेला देव, बहुतेकांच्या मते सूर्य, स्थूल आणि अक्राळविक्राळ देहांवरून रथ नेतो आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे कारागीर राक्षस कोरत होते, पण ते रूपक आहे याची त्यांना जाण असावी.

राक्षसांच्या सांगाड्यांबरोबर शिंगांच्या माणसांचे सांगाडेही सांगितले जातात, पण त्यांची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात शिंगे असलेला असुर म्हणजे महिष, आणि त्याचाच ग्रामदेवता झालेला अवतार म्हणजे म्हसोबा असे दामोदर कोसंबी यांनी मांडले. शेंदूर फासलेल्या त्याच्या तांदळ्यावर, म्हणजे न घडवलेल्या दगडावर, शिंगे कोणी शोधत नाही. सांगाड्याला खरी शिंगे फुटली ती अमेरिकेत. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीकाठी १९१६ मध्ये वॉरन मूरहेड यांच्या मोहिमेला काही दफने मिळाली व त्यांपैकी एकावर हरणांची शिंगे रचून ठेवलेली होती. डोक्यावर शिंगे आहेत, असे एक मजूर ओरडला, ते ऐकणाऱ्यांनी शब्दशः घेतले, आणि सात फुटी शिंगाड्या मानवांची बातमी देशभर छापून आली.

अशीच एक बातमी भारतातही फिरली. उत्तर भारतात एका परदेशी संस्थेच्या पथकाला लष्कराच्या साहाय्याने प्रचंड मानवी सांगाडा सापडला आणि तो महाभारतातील घटोत्कचासारख्या राक्षसांच्या कुळातील आहे, असा मजकूर मार्च २००७ मध्ये मुंबईच्या एका मासिकाने छापला व वाचकांनी चूक दाखवल्यावर मागेही घेतला. ज्या नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे नाव त्यात गोवले होते तिने डिसेंबरमध्ये जाहीर खुलासा केला. सोबतचे छायाचित्र २००२ च्या एका चित्रफेरफार स्पर्धेसाठी तयार केलेले होते आणि त्याचा पाया होता न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे २००० मध्ये झालेले मॅस्टोडॉन या हत्तीसदृश नामशेष प्राण्याचे उत्खनन. म्हणजे नांदूर मधमेश्वरप्रमाणे येथेही खऱ्या हाडांचा मालक हत्तीच्याच गोतावळ्यातला निघाला. छायाचित्र खोटे आहे हे कळण्यासाठी खरे तर गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेला हिशेब पुरेसा होता: प्रमाण तेच ठेवून उंची दुप्पट केली तर वजन आठपट होते, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो, म्हणून माणसाच्या बांध्याचा साठ फुटी सांगाडा स्वतःच्याच भाराने मोडेल. नोंदलेला सर्वांत उंच माणूस, अमेरिकेतील रॉबर्ट वॉडलो, नऊ फुटांना इंचभर कमी होता, आणि त्याला चालण्यासाठी पायांना लोखंडी आधार लावावे लागत.

घटोत्कचाच्या नावाचे लेणे मात्र महाराष्ट्रात आहे, अजिंठ्यापासून जवळ, जंजाळा गावाशेजारी. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील बौद्ध विहार असून वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते कोरवून घेतल्याचे तेथील खंडित शिलालेखावरून ठरते; अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणेही त्याचेच.