पुढची दोन चाकं

नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित यांच्या नावाची बाग बनारसमध्ये आजही आहे. कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या गोटात वावरणारे हे गृहस्थ मोठे धोरणी. १७८१च्या ऑगस्टमध्ये बनारसचा राजा चेतसिंग याच्या माणसांनी उठाव केला आणि हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला, तेव्हा बेनीराम आणि त्यांचे बंधू विश्वंभर यांनी त्याला लाख रुपये देऊ केले. काशीतल्या जगन्नाथाच्या रथयात्रेमागेही याच घराण्याचा आधार. आषाढात तीन दिवस रथ जिथे उभा असतो, तो चौक आता रथयात्रा याच नावाने ओळखला जातो.

रथ ओढणं सोपं, वळवणं कठीण. पुरीच्या रथांचे आस जखडलेले असतात. एका बाजूचा दोर जास्त ताणून अख्खा रथ इंचाइंचाने फरफटवावा लागतो. परतीसाठी त्यांची तोंडं फिरवायला ‘दक्षिण मोड’ नावाचा स्वतंत्र विधीच आहे.

बनारसच्या रोजच्या वाहनांनी ही कटकट अंगाला लावूनच घेतली नाही. एक्क्याला एकच आस. घोडा वळला की गाडी वळली. सायकलरिक्षाला पुढे एकच चाक. पुण्याजवळच्या आकुर्डीहून आलेल्या बजाजच्या ऑटोलाही एकच, आणि आजच्या ई-रिक्षालाही.

पुढे दोन चाकं आली की भूमिती आडवी येते. वळताना आतल्या चाकाचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा. दोन्ही सारख्याच कोनात वळवली तर एक घासत जाणार. बग्गीत पुढचा आसच्या आस मधल्या खिळीवर फिरायचा. त्याला जागा लागायची आणि तिरक्या वळणावर गाडी कलंडायची. म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेन्सपर्गर याने प्रत्येक चाकाला स्वतंत्र खिळी दिली. लंडनमधला त्याचा मुखत्यार रुडॉल्फ आकरमन याने १८१८मध्ये पेटंट काढलं. हा आकरमन तेव्हा चित्रं आणि पुस्तकं विकणारा! तरी जगाने नाव ठेवलं ते त्याचंच. लांकेन्सपर्गरवर हा शुद्ध अन्याय. बग्गीवाल्यांनी ही युक्ती फारशी मनावर घेतली नाही. तिचं चीज मोटारीने केलं.

हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर असो की १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, दोन्हींत स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकांपर्यंत टाय रॉड जातात. त्यांच्या टोकाचे बॉल जॉइंट म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत ‘एंड’. रबरी बूट फाटला, ग्रीस वाळलं, धूळ शिरली की एंडला खेळ येतो. मग स्टिअरिंग थरथरतं, टायर एका कडेने झिजतो.

एंड बदलण्याचं काम घरच्या अंगणातही होतं. गाडी नीट ठोकळ्यांवर टेकवून चाक काढायचं, नट सोडायचा. तरी एंडची पिन निघत नाही, कारण ती निमुळती असते आणि चाकाला वळवणाऱ्या स्टिअरिंग आर्मच्या भोकात घट्ट रुतलेली असते. नवशिका पिनेच्या टोकावरच हातोडी हाणतो आणि आटे चेपून टाकतो. जाणकार आर्मच्या भोकाच्या कडेवर दोन सणसणीत ठोके घालतो. पकड सुटते आणि पिन टपकन खाली येते. जुना एंड काढताना तो फेरे मोजतो, नवा तेवढेच फेरे फिरवून बसवतो आणि चेकनट आवळतो.

हे फेरे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरते. नवा एंड जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि अर्ध्या फेऱ्यानेही चाकाचं तोंड आत-बाहेर सरकतं. पूर्वी मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत सुतळी ताणून हे जुळवत. आता चाकांवर लावलेल्या पाट्या कॅमेरे वाचतात. सुतळीवर टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, बऱ्यापैकी कळतं. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल, मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा. कित्येक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टोच बदलता येतो. स्क्रीनवर बाकीचे आकडे लाल दिसले, तर खड्ड्यात आपटून सस्पेन्शनचा कुठला आर्म किंवा स्ट्रट वाकलाय, ते गाडीखाली शिरून शोधावं लागतं.