कंसातली नावे

महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचा इतिहास बहुधा सातबाऱ्यापासून मागे उलगडत जातो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर वारलेल्या खातेदाराचे नाव खोडून टाकत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहीत. तो क्रमांक धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही काढली, की वारसनोंदीत खातेदार कधी मयत झाला, मुले किती, त्यांत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, कोण, हे सापडते. ‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा पुढारी. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, आणि ही पालनकर्ती पुष्कळदा मुलाची विधवा आई असते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या कागदांत शेतकरी बाई नावानिशी भेटते ती अनेकदा इथेच, म्हणून ही तीन अक्षरे नजरेतून सुटू देऊ नयेत.

वाटेत एक अडचण हमखास येते. १९४७च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ लावल्याशिवाय तिथे मागे जाताच येत नाही.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३च्या कायद्याने सुरू झाली. फेरफारांची साखळी साधारण तिथे थांबते. जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही असते. तिच्यात जात असते, मरणाचे कारण असते, पण जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नसून बापाच्या नावापुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असेही आढळते. जुन्या वह्या मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा माणूस हवाच.

त्याआधीचा टप्पा गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मोजणीचा. १८३०च्या दशकात इंदापुरात सुरू झालेल्या या कामातून प्रत्येक शेताला नंबर आणि साऱ्याचा आकार मिळाला. त्याही मागे पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. यांतले बहुतेक कागद वसुलीसाठी लिहिलेले. घराण्याची आठवण जपावी म्हणून नव्हेत. त्यामुळे वंशपरंपरेने जमीन धरणारा मिरासदार मिरासपत्रात, वाटणीच्या निवाड्यात, वतनाच्या तंट्यात पुन्हापुन्हा दिसतो, कधी बापाआजाच्या नावांसकट. उपरी मात्र ठरावीक मुदतीच्या बोलीवर जमीन कसणारा. लावणीच्या कागदात त्याचे नाव तेवढ्या काळापुरते येते आणि त्याने गाव सोडले की त्या गावातला त्याचा माग तुटतो.