गुरुजींच्या हातांतील साधनें

देवळाशेजारीं शाळा, ही आपल्याकडील अनेक धर्मग्रामांची जुनी रीत आहे. तेव्हां महोत्सवाच्या स्मरणिकेंत शाळेविषयीं चार शब्द येणें साहजिक होय. शाळेचा इतिहास लिहितांना इमारत कोणीं बांधिली, पहिले मुख्याध्यापक कोण, निकाल कसे लागले, ह्या गोष्टींची नोंद बहुधा होते. शिकविणाऱ्याच्या हातांत कोणत्या काळीं कोणतें साधन होतें, आणि तें कितपत त्याच्या ताब्यांत होतें, इकडे मात्र लिहिणाराचें लक्ष क्वचितच जातें. आज शिक्षकाच्या खिशांतील मोबाईलवर पाठ्यपुस्तकें, चित्रपट, नकाशे व प्रश्नपत्रिका क्षणांत उतरतात. ह्या साधनांची कुळकथा पाहूं जातां ती छापखान्याच्या खिळ्यांपर्यंत, किंबहुना त्याहूनही मागें, धुळीपर्यंत जाऊन पोहोंचते.

इंग्रजी अंमलापूर्वीं पंतोजींच्या शाळेंत मूल आपलें पहिलें अक्षर धूळपाटीवर गिरवीत असे. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, काडीनें अक्षर काढावें, चुकल्यास हात फिरवून पुसावें; खर्च कांहींच नाहीं. ह्या युक्तीचें मोल एका परक्या पाहुण्यास चांगलेंच उमगलें. डॉ. ॲण्ड्र्यू बेल हे मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख असतांना त्यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें काढीत असलेलीं पाहिलीं, तीच रीत आपल्या आश्रमांत सुरू केली, आणि १७९७ सालीं लंडनास पुस्तिका छापून विलायतेंत तिचा प्रसार केला. साधनें नेहमीं पश्चिमेकडूनच आलीं असें मानणारांनीं ही हकीकत अवश्य ध्यानांत ठेवावी. धूळपाटीचा एक गुण मात्र पुढील सर्व विवेचनांत उपयोगीं पडणार आहे. पंतोजीस जें लिहावयाचें तें, स्वतःच्या लिपींत, स्वतःच्या हातानें तो तिच्यावर लिहूं शकत असे.

छापखान्याच्या बाबतींत असें घडलें नाहीं. १५५६ सालीं येशूसंघीयांबरोबर एक छापण्याचें यंत्र गोव्यास आलें. खरें पाहतां तें निघालें होतें ॲबिसिनियास. पण वाटेंत गोव्यास उतरलें तें तेथेंच राहिलें, व सेंट पॉल कॉलेजांत त्यावर छपाई सुरू झाली. हिंदुस्थानांतील छपाईचा आरंभ तो हाच. परंतु यंत्राबरोबर आलेले खिळे रोमन अक्षरांचे होते. तामीळ अक्षरांचे खिळे गोव्यास १५७७ सालीं जुआंव गोन्साल्विस ह्या संघबंधूनें पाडले, आणि पुढील वर्षीं कोल्लम येथें तामीळ भाषेंतील धर्मपुस्तक तामीळ लिपींत छापून निघालें. मराठी लिपीचें भाग्य तेव्हां उघडलें नाहीं.

फादर स्टीफन्स यांचें नांव येथें घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हे जातीचे इंग्रज. १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं निवर्तले. मधलीं बहुतेक वर्षें साष्टी प्रांतांत लोकांस शिकविण्यांत गेलीं. अनुभवी शिक्षकाची दृष्टि काय असते हें त्यांच्या १६०८ सालच्या एका पत्रावरून कळतें. संघाच्या रोममधील मुख्य अधिकाऱ्यांस त्यांनीं कळविलें कीं, मलबारांत जशीं तेथील लिपींत पुस्तकें छापलीं तशीं ह्या प्रांताच्या भाषेंत व लिपींत छापलेलीं पाहावीं अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. परंतु युरोपांत चोवीस साच्यांनीं जें काम होतें त्यास येथें सहाशे साचे पाडावे लागतील, म्हणून तें अशक्य वाटलें. हा सहाशेंचा आंकडा वाचकांनीं विसरूं नये. आपल्या लिपींत प्रत्येक जोडाक्षर व प्रत्येक काना-मात्रा धरूं गेल्यास वेगळा साचा लागतो, हेंच त्या अडचणीचें मूळ होय.

तीं अक्षरें त्यांस मिळालीं नाहींत. म्हणून १६१६ सालीं जेव्हां त्यांचें ख्रिस्तपुराण राचोल येथें छापून निघालें, तेव्हां सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो मराठी ग्रंथ रोमन अक्षरांतच छापावा लागला. मराठी वाङ्मयाचा अभिमान बाळगणाऱ्या ह्या महापुरुषाच्या मनास तें कितपत रुचलें असेल, ह्याची कल्पना करावी. मंगळूरची १९०७ सालची आवृत्तिही रोमनच होती. पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली नागरी आवृत्ति निघाली ती १९५६ सालीं. म्हणजे ग्रंथ छापल्यापासून तो आपल्या लिपींत छापून हातीं येण्यास तीनशें चाळीस वर्षें लागलीं!

नागरी खिळ्यांनीं छापलेलें मराठी व्याकरण प्रथम निघालें तें मराठी मुलुखाबाहेर, बंगालमधील श्रीरामपुरास, १८०५ सालीं. तें डॉ. विल्यम केरी ह्या बाप्तिस्त मिशनऱ्यानें पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें रचिलें. केरीसाहेब पंथानें आमचे नव्हेत. परंतु जें काम आमच्या हातून दोनशें वर्षें राहून गेलें तें त्यांनीं पार पाडलें, हें मान्य करणें न्यायाचें आहे. मुंबईंत १८२२ सालीं एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाखालीं शाळा व शाळापुस्तकें यांकरितां मंडळी स्थापन झाली. तिच्या काळांत शिळाछापाचा मोठा उपयोग झाला. शिळाछापांत खिळे लागतच नाहींत. सुरेख हस्ताक्षराच्या लेखकानें लिहावें आणि दगडानें त्याच्या प्रती काढाव्या. सहाशे साच्यांची गांठ सुटली नाहीं, ती बाजूस ठेवून मार्ग काढला एवढेंच. ह्याच सुमारास, १८२८ सालीं, सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें बाळमित्र आणि ईसपच्या गोष्टी मुलांच्या हातीं आल्या.

फळा व खडू यांविषयीं फारसें लिहिण्याचें कारण नाहीं. तीं साधनें सर्वांच्या परिचयाचीं आहेत, आणि गुणानें तीं धूळपाटीचीच मोठीं भावंडें होत.

विसाव्या शतकांत शिक्षणाचें साधन वरून, म्हणजे अक्षरशः आकाशांतून, येऊं लागलें. आधीं रेडिओवरील शालेय कार्यक्रम झाले. मग १९६१ सालीं दिल्लींतील शाळांकरितां दूरचित्रवाणीचे पाठ सुरू झाले. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शिक्षणाचे व शेतीचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. महाराष्ट्रानें १९८४ सालीं पुण्यास बालचित्रवाणी ही संस्था काढली. तिनें मराठी मुलांसाठीं पाठांचे पुष्कळ चित्रपट केले, आणि २०१७ सालीं ती बंद पडली. पुढें २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणाकरितां एज्युसॅट नांवाचा उपग्रहच सोडण्यांत आला. ह्या उद्योगांस नांवें ठेवण्याचा हेतु नाहीं. ज्या गांवीं विज्ञानाचा शिक्षक नव्हता तेथें प्रयोग दिसला, ही लहान गोष्ट नव्हे. पण मुलानें मध्येंच हात वर केला तर पडद्यावरील विद्वान थांबत नसे. आणि वर्गांतील गुरुजींस दूरचित्रवाणीचें बटण दाबणें व तें बंद करणें एवढेंच काम उरत असे.

संगणक शाळांत आले ते त्याच १९८४ सालीं, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ नांवाच्या योजनेंतून. तीं यंत्रें विलायती असून त्यांची भाषाही विलायतीच होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सामान्य जनतेस खुलें झालें आणि जगांतील ग्रंथसंग्रह शिक्षकाच्या मेजावर येण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु फादर स्टीफन्स यांची जुनी अडचण तेथेंही आधींच येऊन बसली होती. प्रत्येक व्यापाऱ्यानें आपापला मराठी फॉण्ट काढिला होता. पुण्याच्या शिक्षिकेनें कष्टानें टंकलेला पाठ नागपुरच्या संगणकावर उघडावा तों पडद्यावर रोमन चिन्हांचा कचरा दिसावा, असे प्रकार त्या काळीं नित्याचे होते. लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां येत नाहीं तर तें साधन कसलें?

ह्या गांठीची उकल आपल्याच देशांत झाली होती. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभिलेलें व पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें वाढविलेलें काम असें होतें कीं, जोडाक्षरास क्रमांक द्यावयाचाच नाहीं. ‘क’ला एक क्रमांक, हलन्ताच्या चिन्हास एक, ‘ष’ला एक, तीनही ओळीनें आले कीं ‘क्ष’ यंत्रानेंच जुळवावा. म्हणजे मूल ज्या रीतीनें बाराखडी शिकतें तीच रीत यंत्रास शिकविली. ‘इस्की’ नांवाची ही पद्धति १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून ठरली, आणि युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंकेतानें नागरीची मांडणी तिच्यावरूनच घेतली. त्यांत नागरीकरितां मूळ कप्पा आहे तो १२८ घरांचा. सहाशे साचे अशा रीतीनें १२८ घरांत मावले! ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ ह्या शब्दांतील आपल्या खास ‘र’चीही त्यांत सोय आहे, शब्दारंभींचा ‘ॲ’ मात्र आपली जागा मिळवावयास २००८ सालापर्यंत ताटकळत राहिला. यंत्रविद्येचे इतिहास लिहिणारे उपग्रहांचें वर्णन पानेंच्या पानें करितात आणि ही गोष्ट एका ओळींत उरकतात. माझ्या मतें शिक्षकाच्या दृष्टीनें हिचें महत्त्व उपग्रहाहून अधिक आहे, कारण हिच्यामुळें फळ्याचा गुण यंत्रांत आला. शिक्षक त्यावर आपल्या लिपींत लिहूं लागला, आणि लिहिलेलें दुसऱ्या गांवच्या शिक्षकास वाचतां येऊं लागलें.

त्यानंतरचीं साधनें बहुतेकांनीं पाहिलीं आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. बालभारतीचीं पुस्तकें विनामूल्य उतरवून घेतां येऊं लागलीं. ५ सप्टेंबर २०१७ रोजीं केंद्र सरकारनें ‘दीक्षा’ हें शिक्षकांचें सामाईक व्यासपीठ उघडलें. परंतु ह्या सर्वांहून बोलकें उदाहरण एका जिल्हा परिषद शाळेचें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाहिलें कीं मुलांची घरची भाषा कन्नड, आणि पुस्तक दुसऱ्या भाषेचें. त्यांनीं आधीं मुलांची भाषा शिकून घेतली, धडे तिच्यांत उतरविले, आणि मग पुस्तकांत ठिपक्यांच्या चौकोनी खुणा, ज्यांस क्यूआर कोड म्हणतात, त्या बसविल्या. मोबाईल धरतांच मुलास कविता ऐकूं यावी, गोष्ट दिसावी. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशा खुणा छापल्या जाऊं लागल्या. डिसले यांस २०२० सालीं दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें व त्याचा अर्धा वांटा त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस देऊन टाकला. त्यांच्या कामाचा क्रम नीट पाहावा: भाषा आधीं, यंत्र मागाहून. शाळांसाठीं यंत्रें विकत घेणाऱ्या पुष्कळ समित्या हा क्रम नेमका उलटा करितात.

त्याच २०२० च्या मार्चांत महामारीमुळें शाळांस कुलुपें लागलीं आणि सर्व शिक्षण एकाएकीं मोबाईलवर गेलें. असर नांवाच्या पाहणीप्रमाणें देशांतील ग्रामीण शाळकरी मुलांच्या घरांपैकीं स्मार्टफोन असलेलीं घरें २०१८ सालीं शेंकडा ३६.५ होतीं, तीं २०२१ सालीं ६७.६ झालीं. वाढ मोठी खरी. परंतु ज्या घरीं फोन होता तेथीलही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांस तो अभ्यासाकरितां मिळत नव्हता. बाप फोन घेऊन कामास गेला कीं मुलाची शाळा बापाच्या खिशांत बंद! उत्तम पाठ तयार होते, अक्षरें यंत्रांत नीट उमटत होतीं, गुरुजीही शिकवावयास उत्सुक होते, आणि तरीही मूल वर्गाबाहेरच राहिलें. सोलापूर शहरांतील नीलमनगर ह्या वस्तींत शिक्षकांनीं त्या वर्षीं घरांच्या भिंतींवर धडे रंगवून काढिले; पोरें एका दारावरून दुसऱ्या दारीं जात वाचूं लागलीं. बंगालमधील जामुडिया भागांत दीप नारायण नायक ह्या शिक्षकानें मातीच्या भिंती काळ्या रंगवून त्यांचेच फळे केले, आणि मुलें तोंडाला फडकीं बांधून, हातांत खडू घेऊन, अंतर राखून उभ्यानेंच त्यांवर लिहूं लागलीं.