जागल्यांवरील सूड : चौकशी आणि तिचे पर्यवेक्षण (जयपूर)

सरकारी कामातील भ्रष्टाचार किंवा अधिकाराचा गैरवापर उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला वा नागरिकाला, म्हणजे जागल्याला, त्याबद्दल त्रास दिला गेला, तर त्या त्रासाची चौकशी करणे आणि ती चौकशी सरळ चालते की नाही यावर बाहेरून देखरेख ठेवणे, असा हा दुहेरी विषय आहे. मूळ गैरव्यवहाराचा तपास आणि सूडाचा तपास वेगवेगळे असतात. पहिल्यात पैसा कुठे गेला हे पाहतात. दुसऱ्यात बदली, निलंबन, आरोपपत्र किंवा मारहाण यांच्यामागचा हेतू शोधावा लागतो. प्रामाणिकपणे केलेली तक्रार पुढे सिद्ध झाली नाही, तरी तक्रारदाराचा छळ क्षम्य ठरत नाही. भारतात पहिल्या तपासासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दक्षता अधिकारी, लोकायुक्त अशा यंत्रणा उभ्या आहेत. दुसऱ्यासाठी फारच थोडे आहे.

राजस्थानची राजधानी जयपूर हिला या विषयात वेगळे स्थान आहे. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई, म्हणजे जाहीर सुनावणी, घेतली. १९९६ मध्ये ब्यावर येथे आणि १९९७ मध्ये जयपुरात दीर्घ धरणी धरून तिने पंचायतीच्या कागदांवरचा लोकांचा हक्क मागितला. राजस्थानने २००० मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, देशाने २००५ मध्ये. कागद मागण्याचा हक्क असा मिळाला. कागद मागणाऱ्याला किंवा दाखवणाऱ्याला झालेल्या त्रासाचा जाब कोणी विचारायचा, हे मात्र ठरले नाही.

भटेरी प्रकरण. या प्रश्नाचे जे एक भक्कम उत्तर भारतीय कायद्याकडे आहे, ते जयपूर जिल्ह्यातल्याच बस्सी तालुक्यातून आले. त्या प्रकरणाला सहसा लैंगिक छळाच्या कायद्याची जन्मकथा म्हणून ओळखतात. ते सरकारी कामाबद्दल घेतलेल्या सूडाचेही प्रकरण आहे आणि ही बाजू पुरेशी सांगितली गेलेली नाही.

राज्याच्या महिला विकास कार्यक्रमात गावोगाव ‘साथिन’ नेमल्या जात. त्यांना पगार नव्हे, मानधन मिळे. १९९२ मध्ये आखातीजच्या, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास सरकारने बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडली. भटेरीच्या साथिनने नेमून दिलेले काम केले : गावातील एका वजनदार घरात तान्ह्या मुलीचे लग्न ठरले होते, ते थांबवण्याचा तिने प्रयत्न केला. पोलीस गावात आले. लग्न झालेच, पण खबर साथिनने दिली असे गावाने धरले. तिच्या कुटुंबावर बहिष्कार पडला. तिच्या घरची मडकी कोणी घेईना, तिला कोणी दूध विकेना. २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात, नवऱ्यासमोर तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला.

पुढचे तास तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. बस्सीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्री डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरने तपासणी केली नाही. तिला जयपूरला धाडले, तिथे न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश मागितला गेला. वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा ५२ तास उलटले होते. पोलीस ठाण्यात पुरावा म्हणून तिचा घागरा काढून ठेवून घेतला गेला. नवऱ्याचा साफा कमरेला गुंडाळून ती बाहेर पडली. ज्या सरकारचे काम करताना हे घडले, त्याच सरकारचे ठाणे, त्याचेच डॉक्टर आणि त्याचेच अधिकारी तिच्या तक्रारीची छाननी करत होते. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. १५ नोव्हेंबर १९९५ रोजी जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

दरम्यान जयपुरातील ‘विशाखा’ आणि इतर महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांनी निकाल दिला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया नसाव्यात, हे त्यातले सर्वज्ञात भाग. कमी चर्चिलेले भाग दोन. वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून समितीत स्वयंसेवी संस्थेचा किंवा अन्य त्रयस्थ सदस्य असावा. आणि तक्रारदार व साक्षीदार यांचा चौकशीच्या काळात छळ होणार नाही याची जबाबदारी मालकाची. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने त्रयस्थ सदस्याची ही अट पक्की केली. सूडाच्या चौकशीवर देखरेख ठेवण्याचा भारतातला सर्वांत सुस्पष्ट नियम हाच आहे. भ्रष्टाचार उघड करणाऱ्याच्या छळाला तो लावलेला नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीत बाहेरचा सदस्य आवश्यक मानायचा आणि निविदेतील घोटाळा सांगणाऱ्याची चौकशी त्याच्याच साहेबांवर सोपवायची, याला कोणताही तर्कशुद्ध आधार नाही.

सूडाची कार्यालयीन रूपे. बहुतेक सूड कागदावर आणि नियमात बसवून घेतला जातो. राजस्थानात त्याचे सर्वपरिचित रूप म्हणजे ‘एपीओ’ करणे, अर्थात पुढील नेमणुकीच्या आदेशाची वाट पाहण्यासाठी पदावरून काढून ठेवणे. आदेश एक-दोन ओळींचा असतो. त्यात कारण म्हणून ‘प्रशासकीय’ एवढा शब्द पुरतो. कर्मचाऱ्याचे मुख्यालय बदलते, टेबल आणि फाइली जातात, तिथे त्याने जमवलेले पुरावेही जातात. ही शिक्षा नसल्याने तिच्याविरुद्ध शिक्षेसारखे अपील नाही. शिस्तभंगाच्या कारवाईऐवजी एपीओचा वापर करता येणार नाही, असे राजस्थान उच्च न्यायालयाने ठरवले आहे. परंतु प्रत्येकाला त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

दुसरे रूप आरोपपत्राचे. राजस्थान नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम १९५८ मधील नियम १६ मोठ्या शिक्षेचा, नियम १७ किरकोळ शिक्षेचा. कर्मचारी बोलताना ‘सोला सीसीए’, ‘सत्रह सीसीए’ असे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सर्व कळते. नियम १७ ची नोटीसही पदोन्नती अडवायला पुरेशी ठरू शकते. शिवाय गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा, दूरच्या जिल्ह्यात बदली, जुन्या प्रवासभत्त्याच्या बिलांची अचानक पडताळणी. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर नित्याची वाटते. तक्रारीच्या तारखेशेजारी ठेवून पाहिली की अर्थ लागतो.

दाद मागण्याची जागा जयपुरात आहे : १९७६ च्या कायद्याखालील राजस्थान नागरी सेवा अपील न्यायाधिकरण. पण तिथे मुख्यतः आदेशाची वैधता तपासली जाते. आदेशामागे आकस होता असे म्हणायचे, तर ते कर्मचाऱ्याने सिद्ध करायचे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला नावानिशी पक्षकार करायचे. पुरावा असतो विभागाच्या टिपण्यांमध्ये, म्हणजे समोरच्याच्या कपाटात. १९७३ च्या कायद्याने आलेले राज्याचे लोकायुक्त चौकशी करू शकतात, पण अंती शिफारसच करतात.

केंद्रीय व्यवस्था. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासह फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयात याचिका आल्यावर केंद्राने २१ एप्रिल २००४ रोजी जनहित प्रकटन ठराव काढला आणि केंद्रीय दक्षता आयोगाला नियुक्त यंत्रणा ठरवले. छळ होत असल्याचे तक्रारदाराने कळवल्यास आयोग संबंधित कार्यालयाला निर्देश देऊ शकतो. ठराव केंद्र सरकार, त्याची महामंडळे व संस्था यांनाच लागू आहे. त्यामुळे जयपुरात मुख्यालय असलेल्या उत्तर पश्चिम रेल्वेतील कारकुनाला हे छत्र आहे. त्याच शहरात सचिवालयात बसणाऱ्या राज्याच्या कारकुनाला नाही.

छत्रालाही भोके आहेत. आयोगाकडे स्वतःचे तपासनीस थोडे. अहवाल बहुधा त्या-त्या विभागाच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडून मागवला जातो, आणि तो अधिकारी त्याच विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करतो.

संसदेने केलेला जागल्या संरक्षण कायदा ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने पूर्ण झाला. त्यातले कलम ११ या नोंदीच्या दृष्टीने कळीचे आहे : झालेली कारवाई हा छळ नाही, हे सिद्ध करण्याचा भार सरकारी कार्यालयावर टाकला आहे. सक्षम प्राधिकारी कर्मचाऱ्याला पूर्वपदावर आणण्याचा निर्देश देऊ शकतो. जाणूनबुजून तो न पाळणाऱ्याला ३०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी प्राधिकारी नेमण्याचे काम राज्य सरकारचे. हे सगळे चांगलेच आहे, पण कायदा अंमलात आणण्याची अधिसूचना २०२४ संपेपर्यंत निघालेली नव्हती. २०१५ मध्ये लोकसभेने संमत केलेली, त्याची व्याप्ती आखडणारी दुरुस्ती राज्यसभेत अडकून पडली.

२०१७ चा अध्यादेश. त्या वर्षी सप्टेंबरात राजस्थान सरकारने फौजदारी कायद्यांत बदल करणारा अध्यादेश काढला. न्यायाधीश व लोकसेवक यांच्याविरुद्धच्या तक्रारीचा तपास पूर्वपरवानगीशिवाय होऊ नये, परवानगीसाठी १८० दिवसांची मुदत, आणि तोवर त्यांचे नाव छापल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, असे त्याचे स्वरूप होते. जयपूरच्या ‘राजस्थान पत्रिका’ने उघड विरोध केला, विधानसभेत गदारोळ झाला, अध्यादेशाच्या जागी आणलेले विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि २०१८ च्या आरंभी सरकारने ते सोडून दिले. तो कायदा टिकता तर परवानगी मिळेपर्यंत जागल्याच्या तक्रारीतले नाव छापणे हाच गुन्हा ठरला असता.

शारीरिक हल्ले. डिसेंबर २०२१ मध्ये बाडमेर जिल्ह्यात पंचायतीतील गैरप्रकारांविरुद्ध तक्रारी करणाऱ्या माहिती अधिकार कार्यकर्त्याला पळवून नेऊन त्याचे पाय मोडले, त्यांत खिळे ठोकले. अशा गुन्ह्यांत तपास स्थानिक ठाण्याकडे राहिला तर आरोपी आणि तपासनीस यांची ऊठबस एकाच गावात असते. जोधपूरच्या आसाराम खटल्यातील साक्षीदारांवरच्या हल्ल्यांतून उभ्या राहिलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. तीत धोक्याचा अहवाल पोलीस देतात, निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते. रचना योग्य आहे. पण ती खटल्यातल्या साक्षीदारासाठी आहे, अर्ज घेऊन कार्यालयात उभ्या असलेल्या माणसासाठी नाही.

महाराष्ट्राचा अनुभवही फारसा निराळा नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, तरी २०१४ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर झाला. सिंचन घोटाळ्यावर २०१२ मध्ये पत्र लिहिणारे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली. एका बाबतीत मात्र महाराष्ट्र पुढे आहे : अण्णा हजारे यांच्या आंदोलनामागून आलेल्या बदल्यांच्या कायद्याने तीन वर्षांचा कार्यकाल ठरवला आणि मुदतीआधीच्या बदलीला लेखी कारण आवश्यक केले.

देखरेख कशी असावी. वनाधिकारी संजीव चतुर्वेदी यांच्या प्रकरणातून काही धडे मिळतात. हरियाणात त्यांच्यावर झालेल्या कारवाया केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नेमलेल्या समितीने २०१० मध्ये तपासल्या आणि राष्ट्रपतींच्या आदेशांनी त्या रद्द होत गेल्या. कारवाई करणारे राज्य आणि तपासणारे केंद्र वेगळे होते, म्हणूनच हे घडू शकले. अमेरिकेत विशेष वकिलाचे कार्यालय १९७९ पासून आहे. ते चौकशी चालू असताना ४५ दिवसांसाठी बदली किंवा बडतर्फी रोखून धरण्याची मागणी करू शकते. तेथील संरक्षण खात्याचे महानिरीक्षक सैन्यदलांनी आपापल्या पातळीवर केलेल्या सूडाच्या चौकश्या पुन्हा तपासतात.

देखरेख करणाऱ्याचे पहिले काम फाइल ताब्यात घेण्याचे. टिपणीवर कोणी, कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले हे चौकशी लांबली की बदलता येते, म्हणून पहिल्याच आठवड्यात मूळ टिपण्यांच्या प्रती निघाल्या पाहिजेत. मग तारखा : तक्रार केव्हा झाली, वरिष्ठाला ती केव्हा कळली, पहिली प्रतिकूल कारवाई केव्हा. त्यानंतर तुलना : तोच दोष असलेल्या इतरांना काय मिळाले? चौकशी अधिकारी आरोपित वरिष्ठाच्या हाताखाली नाही, चौकशी अधिकाऱ्याच्या पुढच्या बढतीचा शेरा त्या वरिष्ठाच्या हाती नाही, हे देखरेख करणाऱ्याने लेखी नोंदवले पाहिजे. निष्कर्षावर सही करताना तक्रारदाराचे प्रत्येक म्हणणे तपासले गेले का, हेही पाहावे लागते. उत्तरांशिवाय ‘आरोप निराधार’ असा शेरा आला तर अहवाल परत पाठवावा.

यातल्या कशासाठीही राजस्थानला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. २००४ चा केंद्रीय ठराव हा कायदा नव्हे, कार्यकारी आदेश होता. तसा आदेश राज्य मंत्रिमंडळ जयपुरात एका बैठकीत काढू शकते, त्यात लोकायुक्तांना नियुक्त यंत्रणा ठरवू शकते आणि प्रत्येक चौकशीत विशाखा निकालातला त्रयस्थ सदस्य घालू शकते. तो आदेश काढावा.