पट आणि हजेरी

मराठी शाळेच्या दप्तरात मुलाची नोंद दोनदा होते. नाव दाखल झाले की ते पटावर चढते आणि मूल रोज येते की नाही ते हजेरीत कळते. पट भरलेला आणि वर्ग अर्धा रिकामा, हे चित्र जुने आहे. आईबापांनी मूल शाळेत घालायचे ठरवणे वेगळे आणि त्या मुलाने वर्षभर शाळेत बसणे वेगळे. या दोहोंतले अंतर कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हे महाराष्ट्रात दीडशे वर्षे अनेकांनी करून पाहिले. त्यातले बरेचसे शाळेबाहेरच ठरत असे.

इंग्रजी अमलापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ गावची शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. ती कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरे. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवायची, मग मोडी वाचायला-लिहायला शिकायचे आणि पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत पाढे तोंडपाठ करायचे. पंतोजीचे वेतन बरेचसे धान्यात आणि सणावाराच्या शिध्यात मिळे. या शाळेत कोणाचा मुलगा येणार हे आधीच सांगता येई. कुलकर्णी, जोशी, वाणी, सावकार या घरांत लिहिणे आणि हिशेब हेच पोटाचे साधन होते, तेव्हा तिथे मुलाला शाळेत पाठवायचे की नाही असा प्रश्नच नव्हता. कुणब्याला अक्षराचा रोजच्या कामात उपयोग दिसत नव्हता. अस्पृश्य मानलेल्यांना ती ओसरीच बंद होती आणि मुलींचा तर विचारही होत नसे. 1829 च्या सुमारास मुंबई इलाख्यात शाळांची मोजदाद झाली. लोकसंख्या सेहेचाळीस लाखांवर, शाळा सुमारे 1,700 आणि शिकणारी मुले सुमारे 35 हजार. शिकणे हे तेव्हा घराण्याच्या धंद्याचा भाग होते, आणि धंदा जन्माने ठरत होता.

हे गणित मोडायचा पहिला ठाम प्रयत्न जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा. 1848 मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या आणि 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा. या अनुभवाचा अर्क जोतीरावांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात उतरला आहे. सरकारी अहवाल शेतकऱ्याच्या अनास्थेवर बोट ठेवत. जोतीरावांनी कारणे सांगितली. मुले गुरे राखतात, शेतात राबतात आणि घर त्यांच्या श्रमावर चालते. बहुतेक गावांत शाळाच नाही. असली तर मास्तर वरच्या जातीचा, त्याला या मुलांबद्दल आपुलकी नाही, आणि पगार इतका तुटपुंजा की चांगला माणूस त्या कामाकडे फिरकत नाही. म्हणून बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, मास्तर शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना दरमहा बारा रुपयांहून कमी पगार देऊ नये, मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, अशा मागण्या त्यांनी केल्या. सक्ती आणि आमिष या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर मागितल्या, हे विशेष. पुढच्या काळात या दोहोंचे दोन पक्ष झाले.

सक्तीची बाजू आधी संस्थानांनी घेतली. मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये बडोदा संस्थानातल्या अमरेली भागात मोफत आणि सक्तीचे शिक्षण करून पाहिले आणि 1906 मध्ये ते संस्थानभर लागू केले. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1910 मध्ये ठराव आणि 1911 मध्ये विधेयक मांडले. गोखल्यांची एक अट नीट पाहण्यासारखी आहे. ज्या भागात तेहेतीस टक्के मुलगे आधीच शाळेत जातात तिथेच सक्ती लागू करावी, असे ठरावात होते. शेजारच्या तीन घरांपैकी एका घरातला मुलगा दप्तर घेऊन निघतो, तिथे दुसऱ्या घराला सांगणे सोपे जाते. जिथे कोणीच जात नाही तिथे दंडाचा कागद नुसता कागदच राहतो, हे त्या माणसाने ओळखले होते. लोकांची तयारी नाही, असे सरकारपक्षाने सांगितले आणि मार्च 1912 मध्ये विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने 1918 मध्ये कायदा आला, पण तो नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेला होता.

कोल्हापुरात मात्र मर्जी एकाच माणसाची होती. शाहू महाराजांनी सप्टेंबर 1917 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराची काही दिवसांची कमाई. दंडाची गोष्ट आजही भाषणांतून सांगितली जाते, पण कोल्हापूरच्या यशाचे श्रेय एकट्या दंडाला देणे चूक आहे. त्याआधी सोळा वर्षे तिथे वसतिगृहे उभी राहत होती. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढच्या सात वर्षांत मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांचीही वसतिगृहे झाली. खेड्यातल्या बापाची शिकवायची इच्छा असली, तरी शहरात पोराने राहायचे कुठे आणि जेवायचे कोणाकडे, यापाशी ती अडत असे. माधुकरीची सोय ब्राह्मण मुलाला होती, इतरांना नव्हती. बोर्डिंगांनी नेमकी ही अडचण काढली. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. शाळा जवळ असली तरी दार बंद असेल तर हजेरी लागत नाही, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकापासून शेतकामापर्यंत सारे स्वतः करत. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही मोडावे लागले. भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ या योजनेचा उल्लेख बहुधा स्वावलंबनाचा संस्कार म्हणून होतो, तो होताच. पण हिशेबाच्या बाजूने पाहिले तर मुलगा शाळेत गेला की घराची मजुरी बुडते, ही पालकाची सर्वांत पक्की हरकत त्या योजनेने बरीच सैल केली. फी माफ झाल्याने पालकाचा खर्च वाचतो, बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

ठरवणे आणि करणे यांतल्या अंतराचा हा विषय सामाजिक मानसशास्त्राने बराच नंतर शब्दांत बांधला. आइसेक एजेन यांनी 1985 ते 1991 च्या दरम्यान मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींवरून ओळखता येतो: त्या कृतीबद्दल त्याला काय वाटते, त्याच्या जवळच्या माणसांची काय अपेक्षा आहे आणि ती कृती आपल्या आवाक्यात आहे असे त्याला वाटते का. इरादा कृतीत उतरतो की नाही हे बरेचसे तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे आवाक्यावर ठरते. शिक्षणक्षेत्रातल्या कितीतरी पाहण्या आता या चौकटीत होतात. महाराष्ट्रातल्या दोन उपक्रमांनी यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट या सिद्धान्ताच्या कितीतरी आधी हाताळली होती.

पहिला उपक्रम सातारा जिल्ह्यात 1959 मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा. प्रौढांना एकेकटे गाठून वर्गात बसवणे कठीण असते. चाळिशीच्या माणसाला पाटी हातात घ्यायची लाज वाटते. मोहिमेने व्यक्तीला सोडून गावालाच धरले. गावकऱ्यांनी ग्रामदेवतेसमोर शपथ घ्यायची, गावातल्या शिकलेल्यांनी शिकवायचे आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा. आता लाज वाटायची तर मागे राहणाऱ्याला. 1963 पासून मोहीम राज्यभर गेली आणि 1972 मध्ये युनेस्कोने तिचा गौरव केला. समारंभ आटोपल्यावर वाचायला पुस्तके नसतील तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हा मात्र अशा सगळ्या मोहिमांचा कच्चा दुवा राहिला.

दुसरा उपक्रम शांतपणे झाला आणि अधिक खोल गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर तिथे डोळ्यांसमोर होते. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरत असे आणि भाऊ गुरांमागे असे. दोघींनी मुलांना रागे भरण्याऐवजी शाळेची रचना बदलली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवली. धाकटे पाळण्यात गेले की मोठी बहीण वर्गात बसायला मोकळी. मुले अंगणात तर शाळा अंगणात, म्हणून अंगणवाडी. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणावर जाई, ती कुरणशाळा. पालकांचे मन वळवण्याचा प्रश्न इथे फारसा आलाच नाही. आड येणारे काम तेवढे बाजूला केले.

सरकारने पुढे आमिषाची वाट धरली. महाराष्ट्रात 1992 पासून दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना हजर दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. कोल्हापूरच्या दंडाचा रुपया झोंबणारा होता. हा रुपया कित्येक वर्षे तसाच राहिला आणि महागाईत त्याची किंमत विरघळून गेली. 15 ऑगस्ट 1995 पासून सुरू झालेल्या पोषण आहार योजनेत ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. घरी गेलेला तांदूळ सगळ्या कुटुंबात वाटला जाई, ताटातली खिचडी मात्र त्या दिवशी हजर असलेल्या मुलालाच मिळते. आमिष शाळेलाही लागते, हेही खरे. अनुदान आणि शिक्षकांची पदे पटावर ठरत असल्याने खोटी नावे चढू लागली, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी करावी लागली.

2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. पट आता बहुतेक गावांत भरतो. हजेरी मोडते ती बीडसारख्या जिल्ह्यांत, जिथून ऊसतोडीच्या टोळ्या मुलाबाळांसह निघतात. त्यांच्यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या, मूळ गावी हंगामी वसतिगृहे झाली. तरी शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि कोयता दिवाळीच्या आगेमागे उचलला जातो.